तिचं डावं, तिचं उजवं

गुंजन राहांगडालेचं नाव नर्सिंग प्रवेशाच्या तिसऱ्या यादीत लागलं, तेव्हा ती एका घराच्या ओसरीत झोळीच्या काट्याला टांगलेलं तीन महिन्यांचं बाळ जोखत होती. मोबाईल वाजला, तिनं मेसेज वाचला, आणि बाळाचं वजन वहीत लिहायचंच विसरली. पुन्हा जोखावं लागलं.

ती तीस वर्षांची होती. सालेकशाजवळच्या गावात आठ वर्षं आशा सेविका म्हणून काम करत होती. बारावी सायन्स करून बारा वर्षं झाली होती. त्याच साली लग्न झालं, मग पोरगी झाली, आणि जीवशास्त्राचं पुस्तक माळ्यावर गेलं ते गेलंच. आता ते खाली काढलं तर मूत्रपिंडापासून पुढचं सगळं वाळवीनं खाल्लेलं. हृदय शाबूत होतं. पण चार झडपांची नावं वाचताना तिला घाम फुटला. एकही ओळखीची वाटत नव्हती.

"एकदा पास झाली ना तू? मंग काऊन टेन्शन घेऊन राहिली?" गजेंद्र म्हणाला. तिचा नवरा. धान कापणीचे दिवस होते, तो दारात बसून विळ्याला धार लावत होता.

"एकदा पोहलेला माणूस बारा वर्षानं तळ्यात उतरला, तं तरंगते का बुडते?"

"तरंगते."

"माणूस तरंगते. नावं बुडते."

वर्ग सुरू व्हायला पाच आठवडे होते. यादीत आधी लागलेल्या मुली सांगत होत्या, पहिल्याच वर्षी शरीररचनेत अर्धा वर्ग आपटतो. तेव्हा तिला दुर्गाप्रसाद सर आठवले. कॉलेजात जीवशास्त्र तेच शिकवायचे. निवृत्त होऊन दरेकशाला, आपल्या मूळ घरी, बहिणीसोबत राहत होते. तिनं फोन लावला. सरांनी तिचा आवाज लगेच ओळखला, ह्याचंच तिला नवल वाटलं.

"ये," ते म्हणाले. "दुपारची गाडी पकडून ये. एकटी ये. आणि पुस्तक आणू नको."

दरेकशाचं स्टेशन लहान. तिथून पुढे घाट लागतो, म्हणून मालगाडीला मागून धक्का द्यायला आणखी एक इंजिन जोडतात. सरांचं घर रुळांपासून शंभर पावलांवर, डोंगराच्या पायथ्याशी. मालगाडी चढू लागली की घराची कौलं, भांडी, दाराची कडी, सगळं थरथरायचं.

दार सरांच्या मोठ्या बहिणीनं उघडलं. नंदाबाई. सत्तरीला टेकलेली, कंबरेत वाकलेली, पण नजर धारदार. तिनं पाणी दिलं आणि म्हणाली, "पाणी इथंच पिजो. त्या खोलीत काही खाजो-पिजो नको."

"काऊन वो आत्या?"

"मी सांगतो म्हणून."

सर बाहेर आले. बारीक झाले होते, केस पांढरे, पण शर्टाची बाही तशीच कोपरापर्यंत दुमडलेली. त्यांनी आधी अंगणातल्या नळावर साबणानं हात धुतले, बराच वेळ, नखांपर्यंत. मग तिला धुवायला लावले. आणि मागची खोली उघडली.

खोलीत एक खिडकी होती आणि एक लोखंडी पेटी. गुंजननं पेटी ओळखली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हीच असायची. आत खऱ्या माणसाची हाडं. पोरं तिला 'मॅडम' म्हणायची. सर दुसऱ्या कुणालाच पेटी उघडू द्यायचे नाहीत, शिपायालाही नाही.

"ही तर कॉलेजची ना सर?"

"नाही. माझी स्वतःची. कॉलेजनं प्लास्टिकचा सांगाडा घेतला, मी हिला घरी आणलं."

त्यांनी जमिनीवर धुतलेली पांढरी चादर अंथरली. सुरकुती राहिली होती, ती तळहातानं सारखी केली. मग एक एक हाड काढून ठेवू लागले. हाडं पिवळसर होती, उजव्या हाताची बोटं तर हस्तिदंतासारखी गुळगुळीत. किती वर्षं किती पोरांनी ती हाताळली असतील! त्यात आपणही होतो, हे तिला आठवलं. एकदा वर्गात सगळ्यांनी रांगेनं त्या हाताशी हात मिळवला होता आणि खूप हसले होते.

"पहिला नियम सांग."

तिला आठवेना.

"डावं-उजवं तिचं. तुझं नाही. तू समोर बसलीस म्हणून तिचा डावा हात उजवा होत नाही. नर्स हे विसरली की संपलं."

ते 'तिचं' म्हणाले हे तिच्या कानाला लागलं. पण सर जुने मास्तर, त्यांची तशी पद्धत असेल, असं तिला वाटलं.

पहिल्या दिवशी फक्त हात. डोळे मिटून. सर तिच्या तळहातावर एक एक हाड ठेवत आणि ती नाव सांगे. सुरुवातीला काहीच येईना. मग मनगटाचं एक होडीसारखं हाड बोटांत फिरवताना तोंडातून आपोआप निघालं, "स्कॅफॉइड." त्यानंतर चंद्रकोरीसारखं, "ल्युनेट." पुस्तकातून पुसलेली नावं बोटांत शिल्लक होती.

"एका हातात किती हाडं?"

"सत्तावीस."

"मोज."

तिनं मोजली. सव्वीस भरली. पुन्हा मोजली. मनगटातलं वाटाण्याएवढं एक नव्हतं.

"उजव्या हाताचं एक कमी आहे सर."

"हो," सर म्हणाले. "ते आणायचं राहिलं."

कुठून, हे ती विचारणार तोच मालगाडी आली. जमीन थरथरू लागली. चादरीवरची बोटांची हाडं हलायला लागली, एकमेकांवर आपटू लागली. टक, टक, टक. जणू कुणी वाट पाहून कंटाळलंय आणि जमिनीवर बोटं वाजवतंय. सरांनी घाई न करता आपला तळहात त्या हातावर ठेवला आणि गाडी संपेपर्यंत तसाच ठेवला. तापात बरळणाऱ्या माणसाला शांत करतात तसा.

निघताना नंदाबाई तांब्या घेऊन दारातच उभी होती. तिनं गुंजनच्या हातांवर आणि पायांवर पाणी ओतलं. मयतीवरून आलेल्यावर ओततात तसं. सरांच्या अंगावर मात्र तिनं पाणी ओतलं नाही. गुंजनच्या लक्षात आलं, सर हात आधी धुतात, नंतर धूत नाहीत.

ती जात राहिली. सकाळी गावातल्या भेटी, दुपारी दरेकसा, संध्याकाळी परत. दहा-बारा दिवसांत तिला फरक कळू लागला. लसीकरणाच्या दिवशी पोराचा दंड धरला की आतलं हाड डोळ्यांसमोर येई. सासू धान पाखडत असे, तर गुंजनला पदराआड खांद्याचं पातं सरकताना दिसे. गजेंद्र उघडा बसला असता ती त्याच्या पाठीवरून बोट फिरवत मणके मोजू लागली, तर तो दचकून उठला.

"तुह्या हात थंडा झाला हाय वो," तो म्हणाला. "माणसाचा नाई वाटून राहिला."

ती हसली खरी. पण नंतर चुलीजवळ बसून बराच वेळ हात शेकत राहिली.

शिकणं मात्र झपाट्यानं होत होतं. सर आता नुसती नावं विचारत नव्हते, हाड वाचायला शिकवत होते. एके दिवशी त्यांनी कंबरेचं हाड पुढे ठेवलं.

"बाई की पुरुष?"

"बाई," ती म्हणाली. "वाट रुंद आहे. बाळ निघायची."

"बरोबर." त्यांनी ते बाजूला ठेवलं. "हा हात बघ."

डाव्या हाताच्या कोपराखालच्या हाडावर, रेडियसवर, मध्येच एक जाडसर गाठ होती. "मोडलं होतं सर. पण जुळलं, चांगलं जुळलं. म्हणजे लहानपणी मोडलं असेल. पडली असेल कुठून तरी."

"मोहाच्या झाडावरून," सर म्हणाले.

गुंजन हसली. सर हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी क्लॅव्हिकल. गळ्याखालून खांद्याकडे जाणारं, नागमोडी वळणाचं हाड. "हे हाड लक्षात ठेव," सर म्हणाले. "आईच्या पोटात सगळ्यात आधी हाड व्हायला लागतं ते हेच. दुसऱ्या महिन्यात. आणि पूर्ण जुळतं सगळ्यात शेवटी. आधी येतं, शेवटी संपतं. ह्याचं आतलं टोक बघ आणि वय सांग."

तिनं टोकावरून नख फिरवलं. टोकाची चकती अजून पुरती चिकटली नव्हती, मध्ये रेष होती. "पंचविशीच्या आत सर."

"चोवीस," सर म्हणाले. "चोवीस आणि चार महिने."

बाहेर ऊन होतं. खिडकीतून पलीकडच्या बांधीत धान कापणाऱ्या बायांचं बोलणं ऐकू येत होतं. तरी गुंजननं ते हाड चादरीवर परत ठेवलं. हाडावरून वर्षाचा अंदाज येतो. महिने कुणाला कळतात? तिनं विचारलं, "सर, ही हाडं कुठून घेतली होती तुम्ही?"

"तेव्हा कलकत्त्याहून यायची," सर म्हणाले. हे त्यांनी खोटं सांगितलं असं म्हणता येणार नाही. तेव्हा कलकत्त्याहून हाडं येत होती हे खरंच होतं.

तिसऱ्या आठवड्यात एकदा ती पोचली तेव्हा सर निघण्याच्या तयारीत होते. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला आमगावला जायचं होतं. "आज तू एकटीच कर," ते म्हणाले. "पूर्ण मांड. डोक्यापासून पायापर्यंत. मी संध्याकाळच्या गाडीनं येतो. चुकलीस तर मला कळेल."

गुंजननं हात धुतले, चादर अंथरली, कवटीपासून सुरुवात केली. नंदाबाई खोलीबाहेर, दाराकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली होती. इतक्या दिवसांत तिनं त्या खोलीत पाऊल टाकलेलं गुंजननं पाहिलं नव्हतं.

दोन तास लागले. मणके क्रमानं लागले, फासळ्या जोडीनं लागल्या. तळवे वर, अंगठे बाहेर, जसे पुस्तकात असतात तसे. एक बाई चादरीवर आडवी झाली. उंची गुंजनएवढीच. दोन्ही कानांतली तीन-तीन हाडं तेवढी राहिली होती. माणसाच्या अंगातली सगळ्यात लहान. सर म्हणाले होते, ती वेगळ्या डबीत आहेत. पेटीच्या तळाशी एक फडकं होतं, त्याखाली पावडरचा जुना गोल डबा. तिनं झाकण काढलं. आत कापूस होता.

कापसात कानातली हाडं नव्हती.

दोन हाडं होती, काडीपेटीतल्या काडीएवढी, नागमोडी वळणाची. तिनं एक उचलून तळहातावर घेतलं आणि सवयीनं डोळे मिटले. बोटांनी क्षणात सांगितलं. क्लॅव्हिकल. तिनं डोळे उघडले. कापसात गवताच्या काडीसारख्या वाकलेल्या फासळ्या होत्या. कांद्याच्या पापुद्र्यासारखे, वाटीदार, पातळ तुकडे होते. कवटीचे. पाच-सहा तुकडे, अजून न जुळलेले.

ती आठ वर्षं बाळांची वजनं करत आली होती. हे बाळ किती महिन्यांचं असेल हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. आठवा पुरता भरलेला नव्हता.

घाटाकडून मालगाडी येऊ लागली. डबा तिच्या मांडीवर थरथरायला लागला, आतली हाडं कापसात कुजबुजल्यासारखी हलू लागली. समोर चादरीवर पसरलेल्या बाईचे दोन्ही हात एकदमच वाजायला लागले. टक टक टक टक. आधी कधी इतक्या जोरात वाजले नव्हते. गुंजनला पळायचं होतं. पण तिचा हात आपणहून पुढे गेला आणि तिनं तो डब्यावर ठेवला. गाडी जाईपर्यंत ठेवला. नंतर तिला आठवत राहिलं ते हेच, की हात ठेवायचं तिनं ठरवलं नव्हतं.

"दिसलं काय वो तुले?" बाहेरून आवाज आला. नंदाबाईनं मान वळवली नव्हती.

"आत्या, कोण हाय हे?"

नंदाबाई तांदळातला खडा काढून अंगणात फेकत म्हणाली, "चंद्रकांता. माही भावजय."

मग तिनं सगळं सांगितलं, तांदूळ निवडता निवडता, आवाज न चढवता. चंद्रकांता इथल्याच उपकेंद्रात नर्स होती. एकोणनव्वद साली, पावसाळ्यात, आठवा भरला नव्हता तेव्हा तिच्या पायावर सूज आली, डोकं दुखू लागलं आणि सकाळी झटके सुरू झाले. सालेकशाचा रस्ता नाल्याच्या पाण्यानं बंद. खाटेवर टाकून तिला स्टेशनात नेलं. गाडी यायला वेळ होता. गाडी आली तेव्हा न्यायला कुणी उरलं नव्हतं.

"पोटुशी बाई गेली म्हणून जाळली नाई. नाल्याच्या काठी पुरली. दुर्गा तीन वर्ष रोज तिथं जाऊन बसे. मंग एक दिवस गेला अन् पोतं घेऊन आला. परसात मोठ्या गंजात दोन दिवस पाणी उकळत होता. मी पाह्यली नाई. मी घरात बसून फक्त आवाज आयकली. त्या दिवसापासून मी त्या खोलीत जात नाई."

"तुम्ही कोणाले सांगितलं काऊन नाई?"

"काय सांगू? भाऊ हाय तो माह्या. तिले कॉलेजात घेऊन जाये सकाळी, संध्याकाळी परत आणे. जिती होती तेव्हा सायकलवर डबल सीट आणे, तसा पेटी बांधून आणे. लोक म्हणत, मास्तर किती मेहनती हाय."

गुंजननं डबा जागेवर ठेवला, झाकण लावलं, आणि चप्पल हातात घेऊनच बाहेर पडली. स्टेशनाच्या बाकावर जाऊन बसली. अठराव्या वर्षी आपण ज्याच्याशी हात मिळवला, तो हात तिला आठवत होता. पोरांनी कवटीवर टोपी घातली होती. सर खिडकीकडे तोंड करून उभे होते. आपण काय करतोय हे एकाही पोराला माहीत नव्हतं. सत्तावीस वर्षं, सत्तावीस वर्ग.

संध्याकाळच्या गाडीतून सर उतरले. तिला पाहून थांबले. फलाटावर अजून उजेड होता.

"मांडलीस?"

"हो सर."

"किती?"

"एकशे नव्याण्णव," ती म्हणाली. "कानातली सापडली नाही. दुसरंच सापडलं."

सर बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. हातातली फाइल मांडीवर ठेवली.

"ती म्हणायची," ते हळूच बोलू लागले, "इथल्या बाया मरतात कारण आत काय आहे ते कुणाला दाखवलेलंच नाही. पोरींना शिकवा, मी शिकवते, असं म्हणायची. मी तिला शिकवू दिलं, गुंजन. मी फक्त पेटी उघडली. माझ्या वर्गातल्या अकरा पोरी नर्स झाल्या. तू बारावी."

"तिला विचारलं होतं सर?"

"काय?"

"जिवंत असताना. की माझी हाडं वापरा म्हणून. ती तसं म्हणाली होती?"

सरांनी मांडीवरच्या फाइलची दोरी सोडली आणि पुन्हा बांधली. समोरून कोळशाची मालगाडी जाऊ लागली, तिचे डबे संपता संपेनात.

"आणि बाळाला?" गुंजन म्हणाली. आपला आवाज इतका कोरडा कसा निघतोय, तिलाच कळेना. "त्याला तर कुणी काहीच विचारलं नाही."

"मला वाटलं होतं, मी गेल्यावर तू तिला घेऊन जाशील," सर म्हणाले. "नर्सिंगच्या शाळेत. नंदा तर पेटी नाल्यात फेकेल."

"मी नाही नेणार."

"तुझे हात तिनं शिकवलेत."

"म्हणूनच नाही नेणार," ती म्हणाली. "सर, मी उद्या येते. शेवटचं. तुम्ही पेटी उघडून ठेवा, आणि आत्यांना सांगा, कुदळ काढून ठेवा."

गुंजनची गाडी आली, ती चढली. खिडकीतून पाहिलं तर सर अजून तिथंच बसले होते आणि बाकावर आपल्या शेजारी थोडी जागा सोडून, तिथं तळहात ठेवून होते.

दुसऱ्या दिवशी दार सताड उघडं होतं. मागच्या खोलीत सरांनी सगळं मांडून ठेवलं होतं. चंद्रकांता पूर्ण आडवी होती, आणि पोटाच्या जागी, कंबरेच्या रुंद हाडात, त्यांनी बाळ मांडलं होतं. डोकं खाली, गुडघे दुमडलेले, पाठीचा मण्याएवढा एक एक मणका ओळीत. जसं असायला हवं तसं, हाडाला हाड लागून. ते रात्रभर बसले असावेत. डोळे सुजले होते. इतक्या वर्षांत त्यांनी बाळ असं एकदाही मांडलं नव्हतं, असं ते नंतर म्हणाले.

गुंजन दारातच थांबली. सांगाडा तिनं खूप वेळा पाहिला होता. आता चादरीवर पोटुशी बाई झोपली होती.

"बरोबर आहे का बघ," सर म्हणाले. परीक्षेला बसलेल्या पोरासारखे.

तिनं चादरीला वळसा घालून पाहिलं. "बरोबर आहे सर."

"मग नावं घे. तू नाव घे, मी ठेवतो."

तिनं कवटीपासून सुरुवात केली. फ्रंटल, पॅराएटल, ऑक्सिपिटल. एक एक नाव मोठ्यानं. सर ते हाड उचलत, कपाळाला लावत आणि नव्या लुगड्यात ठेवत. लुगडं नंदाबाईनं दिलं होतं, हिरवं, घडी न मोडलेलं. गुंजन कुठंच अडखळली नाही. बारा वर्षांपूर्वीचं, आणि ह्या महिन्यातलं, सगळं तिच्या तोंडून ओळीनं येत होतं. बाळाच्या हाडांपाशी मात्र ती थांबली. नावं तीच होती, पण ती मोठ्यानं म्हणवेनात. ती पुटपुटली.

मध्येच तिला जाणवलं, दारात कुणी उभं आहे. नंदाबाई उंबरठ्याच्या आत आली होती.

नाल्याकाठची ती जागा कशाची हे तिघांनाच माहीत होतं, म्हणजे त्या दोघांना, आणि आता तिला. दुपार होती. आसपासच्या बांधीत कापलेल्या धानाच्या पेंढ्या पडल्या होत्या, लांब कुठं मळणीयंत्र चालत होतं. खड्डा नंदाबाईनं सकाळीच मजुराकडून खणून घेतला होता, म्हातारं मेलेलं कुत्रं पुरायचंय असं सांगून. सर त्यात उतरले, त्या वयात, आणि लुगड्याचं गाठोडं हातात घेऊन खाली ठेवलं. वर यायला त्यांना गुंजननं हात दिला. त्यांचा हात गरम होता.

माती लोटायच्या आधी नंदाबाई वाकून म्हणाली, "गुंजन, एक सांग. तू शिकली ना? तो पोरगा होता का पोरगी?"

गुंजननं मान हलवली. "इतक्या लहानपणी हाडावरून कळत नाई आत्या."

"खरंच नाई कळत?" तिनं भावाकडे पाहिलं. बहुतेक हा प्रश्न ती पहिल्यांदाच विचारत होती.

"नाही," सर म्हणाले. "रोज पाहायचो मी. नाही कळत."

नंदाबाई दोन्ही हातांनी माती ओढू लागली.

त्यानंतर गुंजन दरेकशाला गेली नाही. पंधरा दिवसांनी वर्ग सुरू झाले. गोंदियाला एका नातेवाइकाकडे पोरीसह राहायची सोय झाली, गजेंद्र शनिवारी येऊ-जाऊ लागला. पहिल्याच आठवड्यात शिकवणाऱ्या सिस्टरनं सांगाडा वर्गात आणला, पांढराशुभ्र, लोखंडी दांड्याला टांगलेला, आणि विचारलं की कुणाला डोळे मिटून हाड ओळखता येईल का. कुणीच हात वर केला नाही. गुंजननं केला. सिस्टरनं तिच्या हातात दंडाचं हाड दिलं.

तिनं डोळे मिटले. बोटं फिरवली. सगळ्या जागा बरोबर होत्या, गोल डोकं, खाच, खालची कडा. तरी ती पुन्हा पुन्हा बोटं फिरवत राहिली. पोरी हसू लागल्या.

"नहीं आता क्या?" सिस्टरनं विचारलं.

"आता है," गुंजन म्हणाली. "ह्युमरस. तिच्या उजव्या हाताचं."

"किसके?" सिस्टर म्हणाली.

गुंजननं डोळे उघडले. हाड तिच्या हातात होतं, प्लास्टिकचं, इतकं हलकं की त्यात कधीच कुणी नव्हतं.